सफरचंदांचं गुऱ्हाळ: अंगणात सायडर काढायचा दिवस कसा जमवायचा

आधी एक गोष्ट क्लिअर करते, कारण दर वर्षी फोनवर आईला हेच सांगावं लागतं. अमेरिकेत नुसतं सायडर म्हणजे सफरचंदाचा ताजा, न गाळलेला, गढूळ तपकिरी रस, त्यात दारू नसते. दारूवाल्याला इकडे हार्ड सायडर म्हणतात. इंग्लंडमध्ये मात्र सायडर म्हटलं की दारूच, त्यामुळे तिकडचे नातेवाईक असतील तर आमंत्रणातच नीट लिहा. मी या लेखात सांगतेय तो साधा रस, जो लहान मुलं पण पिऊ शकतात (थोडी काळजी घेऊन, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय).

आम्ही पश्चिम मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो, आजूबाजूला बागाच बागा, आणि सप्टेंबर संपता संपता सगळा परगणा सफरचंदांनी भरून जातो. पहिल्यांदा शेजारच्यांच्या अंगणात प्रेसमधून रस गळताना बघितला तेव्हा मला थेट कोल्हापूरकडचं गुऱ्हाळ आठवलं, तोच गोड वास, तीच चोथ्याची रास, आणि लोक हातात पेले घेऊन उभे. ते साम्य धरूनच मी तुम्हाला सांगते कारण तिथेच सगळी किल्ली आहे: गुऱ्हाळावर गेलेला माणूस नुसता बसून राहत नाही, कोणी ऊस पुढे करतो, कोणी चिपाडं उचलतो, आणि मग रस पितो. सायडरचा दिवस पण तसाच ठेवायचा. पाहुण्यांना काम द्यायचं, आणि यजमानाने स्वयंपाक आदल्या दिवशीच उरकून टाकायचा. पहिल्या वर्षी मी उलटं केलं, लोक गप्पा मारत बसले आणि मी आत सूप ढवळत, बाहेर नवरा एकटा प्रेस फिरवतोय, संध्याकाळी दोघांचे हात उचलत नव्हते आणि रस निघाला जेमतेम आठ लिटर.

तारीख आणि माणसं

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑक्टोबर संपेपर्यंत कधीही चालतं, पण मला विचाराल तर ऑक्टोबरचा तिसरा वीकेंड बेस्ट. एक तर उशिरा पिकणारी सफरचंदं तोपर्यंत हातात येतात, दुसरं म्हणजे ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारची जी सुट्टी असते त्या लाँग वीकेंडला पानांचे रंग बघायला आलेल्या लोकांनी बागा नुसत्या ओसंडून वाहतात, तेव्हा जाऊच नका. आणि तिसरं, महत्त्वाचं, थंडी. उन्हाच्या गरम दिवशी रसाच्या वासाने येलोजॅकेट म्हणजे त्या पिवळ्या गांधीलमाश्या झुंडीने येतात, आणि एकदा आल्या की कामच थांबतं. हवा दहा डिग्रीच्या आसपास असेल तर त्या फारशा फिरकत नाहीत. म्हणून सकाळी लवकर सुरू करा, आणि कोणाला माशीच्या डंखाची ॲलर्जी आहे का हे आधीच विचारून ठेवा, हे विचारायला संकोच करू नका. कोजागिरी याच सुमारास येते, त्यामुळे आम्ही कधी कधी दोन्ही जोडून घेतो, दिवसा सायडर आणि रात्री दूध.

माणसं किती? पहिल्यांदाच करताय तर मुलं धरून वीस पुरे. त्यातले बारा-चौदा तरी काम करणारे हवेत.

प्रेस कुठून आणायचा

विकत घेऊ नका, निदान पहिल्या वर्षी तरी नाही. बऱ्याच गावांमध्ये टूल लायब्ररी असते, म्हणजे पुस्तकांसारखी अवजारं उसनी देणारी, घरी बिअर बनवणाऱ्यांना सामान पुरवणारी दुकानं पण भाड्याने देतात, आणि एखाद्या जुन्या शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये आजोबांच्या काळातला प्रेस धूळ खात पडलेला असतो, विचारून बघा. ऑक्टोबरचे शनिवार-रविवार पटापट बुक होतात त्यामुळे ऑगस्टमध्येच फोन करा. घेताना दोन वस्तू आहेत ना हे बघायचं: एक ग्राइंडर, ज्यात सफरचंदं टाकून ठेचा होतो, आणि दुसरा प्रत्यक्ष प्रेस, लाकडी पट्ट्यांची टोपली आणि वरून स्क्रू. ग्राइंडर नसेल तर प्रेसचा काही उपयोग नाही, अख्ख्या सफरचंदाला कितीही दाबलं तरी रस सुटत नाही, आधी ठेचावंच लागतं. सोबत जाळीची नायलॉनची पिशवी मागून घ्या, शक्यतो दोन, एक फाटते.

जुना प्रेस असेल तर रसाला लागणारा भाग गंजका किंवा रंग उडालेला नाही ना हे तपासा. सफरचंदाचा रस आंबट असतो, लोखंड-तांब्याला लागला की चव पण बिघडते आणि रंग पण. स्टीलची पातेली, फूड ग्रेड प्लास्टिकच्या बादल्या, एवढंच वापरा.

सफरचंदं, इथे मी जरा रेंगाळणार आहे

हिशोब सोपा आहे. इकडे सफरचंदं बुशेलच्या मापाने मिळतात, एक बुशेल म्हणजे साधारण १९ किलो, आणि घरगुती प्रेसवर त्यातून नऊ-दहा लिटर रस निघतो, हात बसला की थोडा जास्त. वीस माणसांना तीन बुशेल घ्या, म्हणजे २७-२८ लिटर, तिथे पिऊन प्रत्येक घराला घरी न्यायला दोन-तीन लिटर उरतो. बागेत पिक-युवर-ओनवाली महाग सफरचंदं तोडायची गरज नाही, "सेकंड्स आहेत का" असं विचारा, म्हणजे डाग पडलेली, वाकडी, लहान मोठी. रसाला रूप लागत नाही आणि किंमत बरीच कमी पडते.

पण एकाच जातीची आणू नका!! हे मी कळकळीने सांगतेय. आम्ही पहिल्या वर्षी नुसती मॅकिंटॉश आणली होती, वास अप्रतिम होता पण रस पातळ, एकसुरी. चांगल्या सायडरमध्ये चार गोष्टी लागतात: गोडी, आंबटपणा, सुगंध आणि थोडासा तुरटपणा. गोडीसाठी गाला, फूजी, गोल्डन डिलिशस, यांचा साधारण अर्धा वाटा. आंबटपणासाठी नॉर्दर्न स्पाय, ऱ्होड आयलंड ग्रीनिंग, नाही मिळाली तर सुपरमार्केटमधली ग्रॅनी स्मिथ पण चालेल. सुगंधासाठी मॅकिंटॉश, कॉर्टलंड, एम्पायर. एम्पायर हे मॅकिंटॉश आणि रेड डिलिशसचं पोर, न्यूयॉर्क राज्यात जिनीव्हाच्या संशोधन केंद्रात तयार झालेलं आणि १९६६ मध्ये बाजारात आणलेलं, दोन्हीकडचे गुण आहेत त्यात. आणि तुरटपणासाठी मूठभर क्रॅबॲपल, म्हणजे ती बोराएवढी रानटी सफरचंदं जी नुसती खाल्ली तर तोंड आवळतं, कच्च्या जांभळासारखं. फार टाकायची नाहीत, पण ती नसली तर काहीतरी राहिल्यासारखं वाटतं.

आणि रसेट दिसली तर सोडू नका. चिकूसारखी खरखरीत तपकिरी साल, दिसायला अगदीच साधी, लोक पुढे निघून जातात. रॉक्सबरी रसेट ही जात तर इथलीच, आता बॉस्टनमध्ये गेलेल्या रॉक्सबरीतली, सतराव्या शतकापासूनची. तिचा रस दाट, गोड आणि आंबट एकदमच, माझ्या मते सगळ्यात भारी.

यावरून एक युक्ती: प्रत्येक घराला सांगा की येताना एका जातीची चार-पाच किलो सफरचंदं आणा, पण वेगवेगळी, व्हॉट्सॲप ग्रुपवर यादी करून टाका म्हणजे सगळे गालाच घेऊन येणार नाहीत. उरलेली तुम्ही आणा. मिश्रण आपोआप जमतं आणि प्रत्येकाला वाटतं की यात माझं पण काहीतरी आहे.

सफरचंदं आठवडाभर आधी आणून गॅरेजमध्ये थंड जागी ठेवली तर जरा मऊ पडतात, गोड होतात आणि रस जास्त सुटतो. अंगठ्याने दाबल्यावर थोडं दबलं पाहिजे, पण पिठूळ होऊ देऊ नका, पिठूळ सफरचंदाचा ठेचा लापशीसारखा होतो आणि पिशवीतून रस बाहेरच येत नाही.

जमिनीवर पडलेली नको, म्हणजे नकोच

झाडाखाली पडलेली फुकट मिळतात, मोह होतो, पण घेऊ नका. झाडाखाली हरणं येतात, गुरं चरतात, त्यांच्या विष्ठेतून ई. कोलाय नावाचा जंतू सफरचंदाला लागतो, आणि कच्चा रस उकळलेला नसतो. हे उगाच घाबरवायला सांगत नाहीये, १९९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्येच ताज्या सायडरमधून साथ झाली होती, आणि १९९६ मध्ये पश्चिम अमेरिकेत न तापवलेल्या सफरचंदाच्या रसाने एक लहान मूल दगावलं. त्यानंतरच इकडे नियम कडक झाले, १९९८ पासून बाटलीबंद कच्च्या रसावर इशारा छापावा लागतो. म्हणून तुमचा घरचा रस मित्रांना द्या, पण मंडळाच्या स्टॉलवर वगैरे विकायला ठेवू नका.

दुसरं, सडका भाग. खरचटलेलं, मुका मार लागलेलं चालतं. पण बुरशी, तपकिरी मऊ सड असेल तर ते सफरचंद सरळ टाकून द्या. त्या बुरशीतून पॅट्युलिन नावाचं विष तयार होतं आणि ते रस तापवूनही जात नाही. माझा नियम असा, जे मी कापून मुलाला खायला देणार नाही ते ग्राइंडरमध्ये जाणार नाही.

आणि पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बायका, म्हातारी माणसं, ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे असे, यांच्यासाठी रस तापवूनच द्यायचा. ७१ डिग्रीपर्यंत (अमेरिकन थर्मामीटरवर १६० दिसेल), एक-दोन मिनिटं तिथेच ठेवायचा, वरचा फेस काढायचा. आम्ही एक मोठं पातेलं दिवसभर याच कामाला लावतो, दालचिनी, लवंग आणि संत्र्याची साल टाकून. बहुतेक मोठी माणसं पण शेवटी तिकडेच वळतात, थंडीत गरम पेला हातात बरा वाटतो.

आदला दिवस: सूप

सूप आदल्या दिवशीच. आमच्याकडे बटरनट स्क्वॉशचं ठरलेलं आहे, म्हणजे आपल्या लाल भोपळ्याचाच लांब मानेचा भाऊ. वीस जणांना सव्वासात लिटरच्या आसपास लागतं. पाच मध्यम स्क्वॉश, मिळून साडेपाच-सहा किलो, उभे चिरायचे, बिया काढायच्या, तेल लावून पालथे ट्रेवर ठेवायचे आणि २०० डिग्रीवर (ओव्हनवर ४००) पाऊण तास ते तासभर, सुरी सहज आत गेली पाहिजे. साली काढायच्या भानगडीत पडू नका, भाजल्यावर गर चमच्याने निघतो, कच्चा स्क्वॉश सोलताना मी बोट कापून घेतलंय.

मोठ्या पातेल्यात तेल, जिरं, पाच कांदे, बोटभर आल्याचे दोन तुकडे किसून, कांदा चांगला गुलाबी होऊ द्या. त्यात चार आंबट सफरचंदं सोलून, गाभा काढून, मग गर, मग साडेतीन लिटर पाणी किंवा भाज्यांचा स्टॉक. वीस मिनिटं उकळा, हँड ब्लेंडर फिरवा, मीठ, मिरपूड, चिमूटभर जायफळ. शेवटी नारळाचं दूध एक डबा. क्रीम आणि बटर मुद्दाम टाकत नाही, व्हीगन पाहुणे असतातच, ज्यांना हवं ते वरून घेतात. दुसऱ्या दिवशी गरम करताना पहिल्या फेरीचा ताजा सायडर अर्धा लिटर त्यात ओतायचा, आंबटगोड अशी एक चव येते जी आदल्या दिवशी नसते.

गरम पातेलं तसंच फ्रिजमध्ये ढकलू नका, मधला भाग तासन् तास कोमट राहतो आणि सूप आंबतं. दोन-तीन पसरट भांड्यांत ओतून निववा आणि मग ठेवा. दुसऱ्या दिवशी एकदा खळखळून उकळायचं आणि मग स्लो कुकरमध्ये वॉर्मवर ठेवायचं. सोबत जाड पाव, शार्प चेडर चीज (सफरचंदाबरोबर हे चीज इकडे फार पूर्वीपासून खातात) आणि बागेतून आणलेले सायडर डोनट. बास. आणखी काही करत बसू नका.

संध्याकाळी प्रेस गरम पाण्याने घासून घ्या, लाकडी पट्ट्या भिजवून ठेवा, बाटल्या धुवून पालथ्या घाला. साबण वापरला तर पूर्ण जाईपर्यंत धुवा.

सकाळ: कोण काय करणार

आम्ही अंगणात पाच जागा लावतो आणि अर्ध्या तासाने माणसं बदलतो. पहिली जागा धुण्याची, दोन मोठे टब आणि ब्रश, इथे मुलं खूश असतात, भिजतात पण, जादा कपडे आणायला सांगा. बागेच्या पाइपचं पाणी पिण्यालायक असेलच असं नाही, त्यामुळे शेवटचं पाणी स्वयंपाकघरातल्या नळाचं घ्या. दुसरी जागा निवडायची आणि चिरायची, इथे आज्या-आजोबांना खुर्ची द्या, त्यांची नजर सगळ्यात कडक असते आणि बसून गप्पा पण होतात. गाभा, बिया काढायच्या नाहीत, नुसते दोन तुकडे. तिसरी ग्राइंडर, चौथी प्रेस, पाचवी गाळून बाटल्या भरायची.

ग्राइंडरवर फक्त मोठी माणसं. ओढणी, स्कार्फ, हुडीच्या दोऱ्या, मोकळे केस, सगळं बांधून. अडकलं तर हात घालायचा नाही, जाडजूड लाकडी दांडा ठेवा ढकलायला. ठेचा पोह्यांच्या चिवड्याएवढा जाडसर हवा, चटणीसारखा बारीक झाला तर पिशवीची भोकं बुजतात.

दाबायचं कसं

पिशवी टोपलीत पसरा, ठेचा पाऊण भरा, तोंड दुमडून वर लाकडी चकती ठेवा आणि स्क्रू फिरवायला लागा. इथेच नवशिके चुकतात, घाई करतात, दोन तगडे लोक दांड्याला लटकतात आणि पिशवी फाटते, आमची तशीच फाटली होती, सगळा चोथा रसात. पाव फेरा द्यायचा, थांबायचं, धार येऊ द्यायची, धार बारीक झाली की पुन्हा पाव फेरा. खरं तर नुसता ठेचा भरल्या भरल्याच रस गळायला लागतो, काही न दाबता. धार थांबली की स्क्रू सैल करा, चोथा हाताने हलवून पुन्हा एकदा दाबा, अजून दोन-तीन पेले निघतात. एका बुशेलला सुरुवातीला पाऊण ते एक तास लागतो. म्हणजे अकराला सुरू केलं तर दीड वाजेपर्यंत दोन बुशेल होतात, तेव्हा सूपाला थांबायचं आणि तिसरं जेवणानंतर.

रस डोळ्यांदेखत तपकिरी होतो, काही बिघडलं नाहीये, चिरलेलं सफरचंद काळं पडतं तसंच ते. रंग टिकवायचाच असेल तर थोडं लिंबू पिळा, मी पिळत नाही.

एक गंमत मात्र नक्की करा. पहिल्या दोन फेऱ्या एकेका जातीच्या वेगळ्या काढा, छोट्या पेल्यांत सगळ्यांना चाखू द्या, मग लोकांनाच ठरवू द्या की पुढच्या फेरीत आंबट वाढवायचं की गोड. जे आतापर्यंत नुसते फोटो काढत उभे होते ते पण या वेळी टोपल्या उचलायला लागतात.

बाटल्या, आणि नंतर

नरसाळ्यावर बारीक गाळणी ठेवून भरा. फ्रिजमध्ये आठवडाभर राहतो, नंतर जिभेला चुरचुरायला लागतं, म्हणजे आंबायला लागला. त्यामुळे घट्ट झाकणाची काचेची बाटली बाहेर विसरू नका, आतल्या गॅसने फुटू शकते. फ्रीझरमध्ये वर्षभर टिकतो, प्लास्टिकच्या बाटलीत, वर दोन-तीन बोटं जागा सोडून. प्रत्येक बाटलीवर तारीख आणि "कच्चा" की "तापवलेला" हे मार्करने लिहा, घरी नेल्यावर कोणी बाळाला देईल.

चोथा कोंबड्या असलेल्या शेजाऱ्याला द्या किंवा कंपोस्टमध्ये, पण घराजवळ रास ठेवू नका, रात्री अस्वल येतं, आमच्याकडे खरंच येतं. प्रेस लगेच धुवा, सगळे असतानाच, रस वाळला की पट्ट्यांना चिकटून बसतो आणि मग दुसऱ्या दिवशी तुम्ही एकटेच घासत बसता.

शेवटचे तीन-चार लिटर मी कोणालाच देत नाही. ते संध्याकाळी जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवते, उघडंच, आणि आटवत राहते, एक सप्तमांश उरेपर्यंत. न्यू इंग्लंडमधल्या (म्हणजे अमेरिकेच्या या ईशान्य भागातल्या) जुन्या घरांत हे पूर्वापार करतात, बॉइल्ड सायडर म्हणतात. साखर अजिबात नाही, तरी चार लिटरचं अर्धा लिटरभर दाट, काळपट, आंबटगोड पाक होतो. शेवटची वीस मिनिटं पातेल्यापासून हलायचं नाही, लागतं पटकन. मागच्या ऑक्टोबरात आई आली होती, तिने बोटाने चाटून बघितलं, म्हणाली ही तर काकवी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घावन घातले.